ऊब, ओझे आणि मोल

पाचगणीची थंडी ही काही नाव घेण्याजोगी थंडी नव्हे. हिमालयात जाऊन आलेला माणूस तिला हसेल. परंतु समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांवर, टेबललँडच्या जांभ्या खडकावरून पौषातला वारा सुटला आणि पारा दहा-बारा अंशांवर उतरला, म्हणजे कौलारू घरातला माणूस निमूटपणे फडताळातले घोंगडे काढतो. गेल्या पौषात मी तेच केले. माझा भाचा त्या वेळी मुक्कामाला होता. तो डोंगर चढणारा. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीत भटकायचे आणि वर्षाआड हिमालय गाठायचा, हा त्याचा छंद. मी त्याच्यापुढे घोंगडे ठेवले, तर तो म्हणाला, "मामा, माझं अंथरूण-पांघरूण माझ्यापाशी आहे." आणि त्याने पिशवीतून पपईएवढे एक गाठोडे काढले. बंद सोडताच ते गाठोडे फुगू लागले आणि पाहता पाहता त्याची हातभर रुंद, पुरुषभर लांब अशी नव्हे, तर चांगली अंगभर पुरेल अशी दुलई झाली. हंसाच्या पोटाकडल्या मऊ पिसांची दुलई.

मी जुन्या वळणाचा माणूस. वस्तू पाहिली की तिचे वजन आणि किंमत विचारल्यावाचून राहवत नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर आम्ही दोन्ही पांघरुणे तोलली. दुलई भरली ५८० ग्रॅम. घोंगडे भरले २ किलो ६०० ग्रॅम. दुलईला भाच्याने २७ हजार रुपये मोजले होते. माझे घोंगडे वडिलांनी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत घेतलेले. आज तसलेच घ्यायचे तर अडीच हजारांच्या आसपास पडेल. दुकानदाराने कागदावर हिशेब मांडला आणि म्हणाला, "म्हणजे दोन किलो ओझं कमी करायला साडेचोवीस हजार. ग्रॅमला बारा रुपये पडले की हो!"

दुकानात हशा पिकला. भाचाही हसला, पण त्याला ते थोडे लागले असावे. मला मात्र तो हिशेब दिवसभर सोडीना. ग्रॅमला बारा रुपये हे वेडेपणाचे की शहाणपणाचे? आणि हा प्रश्न आजचाच आहे, की माणूस ऊब पाठीवर घेऊन हिंडू लागला तेव्हापासूनचा? मागे वळून पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले, की पांघरुणाचा इतिहास हा बराचसा या एका हिशेबाचाच इतिहास आहे.

* * *

आधी ऊब म्हणजे काय ते पाहू. पांघरूण माणसाला ऊब देते असे आपण म्हणतो, पण ते खरे नव्हे. ऊब माणसाचीच, पांघरूण ती जाऊ देत नाही इतकेच. आणि ती अडवणारा पहारेकरी लोकर नाही, कापूस नाही, पीसही नाही. तो म्हणजे हवा. मात्र कोंडलेली, निश्चल हवा. हललेली हवा उष्णता पळवते, स्थिर हवा ती राखते. लोकरीचे, कापसाचे वा पिसाचे तंतू एवढेच करतात, की हवेच्या लहान लहान कोठड्या बांधून तिला जागच्या जागी बसवतात. तेव्हा पांघरुणाचे वजन हे हवेचे नसून कोठड्यांच्या भिंतींचे असते. ज्या पदार्थाच्या भिंती पातळ आणि तरीही ताठ, ते पांघरूण हलके. सारे कौशल्य, आणि सारी किंमत, त्या भिंतींची.

आपल्या देशात या भिंती तीन प्रकारांनी बांधल्या गेल्या. गरिबाने जुनेरांवर जुनेरे घालून, दोरे भरून वाकळ केली. तिला पैसा लागत नाही, पण ती जड, आणि ऊब बेताची. मध्यम घरांनी कापूस पिंजून दुलई भरली. पिंजाऱ्याची कमान दारात वाजू लागली की थंडी जवळ आली हे पूर्वी मुलांनाही कळे. दबलेला कापूस पिंजून काढायचा म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, बुजलेल्या कोठड्या पुन्हा मोकळ्या करायच्या. जयपूरच्या कारागिरांनी हीच कला पुढे नेली. मूठभर कापूस इतका पिंजायचा, की थोडक्या वजनात मोठी रजई भरावी. आणि मेंढपाळाने लोकर घेतली.

आपल्या सह्याद्रीतही पिसाच्या जोडीला बसेल असा एक पदार्थ आहे, तो म्हणजे सावरीचा कापूस. माघ-फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली सावर सर्वांनी पाहिलेली असते. वैशाखाच्या सुमारास तिची बोंडे फुटतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. हा कापूस हलका आणि लवचिक खरा, पण त्याचा तंतू आखूड आणि ठिसूळ. त्याचे सूत निघत नाही आणि चार वर्षांत त्याच्या गाठी होतात. म्हणून तो उशीत राहिला, अंगावर आला नाही. हलकेपणा निसर्गाने फुकट दिला, पण टिकाऊपणा दिला नाही. हा सौदा पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

* * *

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडला माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. तेथे शेती बेभरवशाची आणि मेंढरू भरवशाचे. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ, पुष्कळदा काळी. परदेशी मेरिनोच्या तंतूशी तुलना केली तर हिचा तंतू जवळजवळ दुपटीने जाड. एका मेंढीपासून वर्षाला अर्धा-पाऊण किलोच्या आसपास लोकर मिळते. म्हणजे माझ्या एका घोंगड्यात चार-पाच मेंढ्यांचे वर्ष गेलेले आहे.

लोकर कातरायची, पिंजायची, धनगरणींनी तिचे सूत कातायचे आणि मग ते सनगराकडे किंवा खुटेकराकडे विणायला द्यायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चढवतात. नवे घोंगडे अंगाला टोचते, तागाच्या गोणीसारखे ताठ उभे राहते. दहा वर्षे वापरले म्हणजे मऊ पडते. घोंगडे घेणारा माणूस आपल्यासाठी घेतो आणि त्याचे सुख मुलाला मिळते, असे आमच्याकडे गमतीने म्हणत.

पण सारी घोंगडी एका मोलाची नसत, हे विसरू नये. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, ही बारीक आणि मऊ. जावळाचे घोंगडे त्याच उबेला वजनाने कमी आणि अंगाला सुखाचे. पण कोकराच्या अंगावर लोकर ती किती, आणि पहिली कातरण एकदाच येते. तेव्हा जावळाच्या घोंगड्याची किंमत नेहमीच चढी. भाच्याच्या दुलईमागे जे गणित आहे ते आमच्या बाजारात पूर्वीच होते. मऊ आणि हलके ते दुर्मिळ, आणि दुर्मिळ ते महाग.

मग धनगराने स्वतःसाठी जावळ का ठेवले नाही? जड, राठ घोंगडे का पत्करले? कारण त्याच्या हिशेबात पांघरूण ही एकच रक्कम नव्हती. दिवाळी झाली की तो मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणाकडे निघणार आणि मृगाच्या आधी परतणार. या आठ महिन्यांत घोंगडे हे त्याचे अंथरूण, पांघरूण, बसकण आणि झोळी. पावसात त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की तीच छत्री. भात लावणारा शेतकरी इरले घेतो, कारण त्याला एका जागी वाकून काम करायचे असते. मेंढरांमागे धावणाऱ्याला इरले कामाचे नाही. बिरोबाच्या भंडाऱ्याला घोंगडे लागते, जातीची बैठक घोंगड्यावर बसते, आणि शेवटी त्याचा तुकडा बैलाच्या पाठीवर जातो. अडीच किलोंचे एक ओझे पाच वस्तूंचे काम करते, म्हणजे वस्तूमागे अर्धा किलो पडला. दुकानदाराने कागदावर मांडलेल्या हिशेबात ही रीत धरलेली नव्हती.

आणि ही रीत फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोषात ठेवण्याच्या मौल्यवान वस्तूंत कांबळ्यांची वर्गवारी दिली आहे. बारीक, मऊ, तुळतुळीत कांबळे श्रेष्ठ असे तो म्हणतो. पण त्याच ओघात नेपाळकडून येणाऱ्या, आठ तुकडे जोडून केलेल्या, पाऊस अडवणाऱ्या काळ्या कांबळ्याचीही नोंद करतो. मऊपणा ही एक कसोटी आणि पावसात टिकणे ही दुसरी, हे त्या चाणाक्ष माणसाने वेगळे ओळखले होते.

* * *

राजेरजवाड्यांनी अर्थातच पहिली कसोटी धरली. ऐन-ए-अकबरीत तूस नावाच्या शालीची थोरवी सांगितली आहे, ती तिच्या हलकेपणासाठी, उबेसाठी आणि मऊपणासाठी. तिबेटच्या पठारावरल्या चिरू नावाच्या हरणाच्या अंगची ही लोकर. अंगठीतून शाल आरपार जाते अशी तिची ख्याती. पेशवाईत शालजोडी म्हणजे मानाचे लेणे. ती पांघरण्यापेक्षा पांघरवण्यासाठी अधिक असे, आणि "शालजोडीतले" देण्याचा वाक्प्रचार आपल्या भाषेत राहिला तो तिच्यामुळेच. पण या हलकेपणाचे मोल पैशाने पुरे होत नसे. चिरूची लोकर कातरता येत नाही; ती मिळवायची तर जनावर मारावे लागते. शेवटी प्राणीच संपत आला, तेव्हा १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय करारांनी आणि भारतीय कायद्याने या व्यापारावर बंदी घातली. हलकेपणाची किंमत नेहमी घेणाराच देतो असे नाही, हा त्यातला धडा.

ओझ्याचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, याची आठवण मराठी माणसाला करून द्यायला नको. शिवकालीन मावळा घोंगडे, भाकरी आणि हत्यार एवढ्यावर डोंगर तुडवीत असे. त्याची चपळाई ही त्याच्या दारिद्र्याची धाकटी बहीण होती. पुढे मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज पतदूरहून उत्तरेकडे निघाली, तेव्हा तिच्याबरोबर तोफा, राहुट्या, बुणगे आणि यात्रेकरू यांचा अवजड पसारा होता. नोव्हेंबरपासून पानिपतावर कोंडी झाली. दख्खनचा शिपाई दख्खनच्या कपड्यांत उत्तरेच्या पौषातल्या थंडीत उपाशी कुडकुडत बसला. समोर थंड मुलुखातून आलेले अफगाण. १४ जानेवारी १७६१ ला जे झाले त्याची कारणे पुष्कळ, आणि थंडीने राज्य बुडाले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण एवढे खरे, की त्या पसाऱ्यात नको ते ओझे फार होते आणि हवे ते पांघरूण नव्हते.

* * *

आता आमच्या पाचगणीकडे येऊ. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या गावांच्या परिसरात १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने वस्ती वसवली. महाबळेश्वर थंड खरे, पण पावसाळ्यात तेथे दोनशे इंचांहून अधिक पाऊस. साहेबाला तेथून पळ काढावा लागे. पाचगणीचा पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून बारमाही राहण्याला ही जागा पसंत पडली. सिल्व्हर ओकची झाडे आली, बंगले आले, मग शाळा आल्या.

या वस्तीत पांघरुणाचे वजन कोणी मोजीत नसे, आणि त्याचे कारण उघड आहे. वाठार स्टेशनावर उतरून वाईमार्गे टांग्याने पसरणीचा घाट चढणाऱ्या पाहुण्याचे बिछाने, ब्लँकेटे, रजया आणि पितळी पेट्या हमालांनी आणि बैलांनी वाहिल्या. होल्डॉल चार शेर जड झाला काय आणि आठ शेर झाला काय, साहेबाच्या खांद्याला त्याची खबर नव्हती. हमालाला होती, पण हिशेबाची वही हमालाच्या हाती नव्हती. ओझे दुसऱ्याच्या पाठीवर असले म्हणजे ग्रॅमला एक पैसाही महाग वाटतो. स्वतःच्या पाठीवर आले, की बारा रुपये स्वस्त वाटू लागतात. माझ्या भाच्याच्या बाजूने बोलण्यासारखी पहिली गोष्ट मला येथे सापडली. तो आपले ओझे आपण वाहतो.

पाचगणीत आणखी एका प्रकारच्या माणसाने मात्र पांघरुणाचे वजन मोजले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. त्या काळी क्षयाला औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि अन्न हाच उपचार. जगभरच्या आरोग्यधामांची रीत अशी, की रोग्याने थंडीतही उघड्या पडवीत निजावे. अशा रोग्याची छाती आधीच दुबळी; तिच्यावर चार जड ब्लँकेटे रचली तर श्वासाला त्रास. तेव्हा पांघरूण उबदार तर हवे, पण भार नको. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ नंतर आयसोनियाझिड हाती आले आणि पडवीतल्या त्या खाटा रिकाम्या झाल्या. पण हलकी ऊब ही निव्वळ चैन नसते, दुबळ्या माणसाची ती गरज असते, एवढे त्या पडव्यांनी शिकवले.

* * *

डोंगर चढणाऱ्याचे तसेच आहे. फार उंचीवर सशक्त माणूसही दुबळाच असतो. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून अंगरखा शिवून घेतला. बाकीची मंडळी ट्वीड आणि लोकर घालून होती. त्यांनी फिंचची थट्टा केली. तोच फिंच जेफ्री ब्रूसला घेऊन २७ हजार फुटांच्या वर पोहोचला, आणि थट्टा थांबली. पुढे अमेरिकेत एडी बाउअर या दुकानदाराला हिवाळ्यातल्या मासेमारीवरून परतताना भिजलेल्या लोकरी कपड्यांत प्राणावर बेतले; त्याने पिसांचे जाकीट केले आणि १९४० साली त्याचे पेटंट मिळवले. गंमत अशी, की ज्या आयडरच्या पिसांनी हे सुरू झाले ती आजही आइसलँडमध्ये मादीच्या घरट्यातून वेचतात. एक किलो पिसे जमायला साठ घरट्यांच्या आसपास लागतात. अर्थात त्यांचे मोल साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून बाजारात येतात ती पाळीव हंसांची आणि बदकांची पिसे, खाटीकखान्यातून मांसाबरोबर निघालेली.

या पिसांची प्रत ठरवण्याची रीत मोठी रंजक आहे. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसे एका नळकांड्यात टाकतात, वर हलकी चकती ठेवतात आणि ती फुगून किती घन इंच जागा व्यापतात ते मोजतात. साधे पीस सहाशे घन इंच भरते, चांगले साडेआठशे, अत्युत्तम नऊशे. प्रौढ, मोठ्या हंसाचे पीस अधिक फुगते. ते थोडे मिळते आणि निवडून काढावे लागते. म्हणजे पुन्हा जावळाची आणि दुसऱ्या कातरणीची गोष्ट.

येथे थोडे गणित करावे. दोन मीटर लांब, एक मीटर तीस सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर जाड अशी दुलई फुगवायची तर आत सुमारे १५६ लिटर जागा भरावी लागेल. सहाशेच्या प्रतीची पिसे घेतली तर ४५० ग्रॅम लागतील. साडेआठशेची घेतली तर सुमारे ३२० ग्रॅम. नऊशेची घेतली तर ३००. पहिल्या पायरीने १३० ग्रॅम वाचले, दुसरीने वीस. वरच्या कापडाचे वजन तिन्हींना तेच. किंमत मात्र प्रत्येक पायरीला चढत जाते, आणि सर्वांत वरची पायरी सर्वांत उंच. म्हणजे पहिला पैसा ओझे उतरवतो, मधला पैसा सोय वाढवतो आणि शेवटचा पैसा बहुधा मिरवण्यासाठी असतो. भाच्याने मधली पायरी धरली होती. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

पांघरूण हलके करण्याचा आणखी एक मार्ग निघाला, आणि त्याला पैसा नव्हे तर विचार लागला. गिर्यारोहकाची झोपण्याची पिशवी अंगाभोवती चारी बाजूंनी असते. पण पाठीखालची पिसे अंगाच्या भाराने चेपतात, त्यांच्यातली हवा निघून जाते, आणि हवा गेली की ऊब गेली. मग ती वाहायचीच कशाला? १९९० च्या दशकात रे जार्डीन या अमेरिकन भटक्याने हा मुद्दा लावून धरला आणि खालची बाजू काढून टाकून नुसती दुलई घेतली; खाली वेगळे अंथरूण. आमच्या घरी आजी हे ऐकून म्हणाली असती, "अरे, खाली घोंगडं आणि वर वाकळ, यात नवं ते काय?" आणि ती चुकली नसती. त्याच अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची आजीबाई ॲपलेशियन पर्वतातली दोन हजार मैलांहून लांब वाट एकटी चालून गेली. बरोबर घरी शिवलेली झोळी, लष्करी लोकरी ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तिनेही पैसा न घालता ओझे उतरवले होते. नको ते मागे ठेवणे हाच तिचा हिशेब.

* * *

पौष संपता संपता भाचा निघाला, तेव्हा त्याला सोडायला मी वाईपर्यंत गेलो. घाट उतरल्यावर रस्त्याकडेच्या रानात मेंढरांचा वाडा बसला होता. शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवतात आणि धनगराला धान्य देतात, ती जुनी चाल अजून मोडलेली नाही. भाच्याला धनगराशी बोलायची हौस आली. माझ्या आग्रहाने त्याने दुलई काढून दाखवली. म्हाताऱ्याने ती हातावर घेतली, दोनदा झेलली.

"वजनच न्हाई की हिला! लेकरागत हाय. कशाची म्हनायची?"

"पिसांची, बाबा. हंसाच्या."

"अन् पावसात भिजली तर?"

"भिजू द्यायची नसते, बाबा. भिजली की चोथा होतो, मग ऊब राहत नाही."

म्हातारा जरा वेळ गप्प राहिला. मग खांद्यावरचे घोंगडे चाचपून म्हणाला, "आमचं भिजलं की जड हुतंय. पर ऊब देतंय. पोरा, तुझं झ्याक हाय. पर तुला घर हाय परतायला."

त्याच्या बोलण्यात विज्ञानही होते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी दमट हवा पिऊनही ओला लागत नाही, आणि ती पिताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. पीस मात्र भिजले की कोलमडते. "भिजत घोंगडे" हा शब्दप्रयोग आपण लांबलेल्या कामासाठी वापरतो; पण भिजूनही उपयोगी पडणारे ते एकच पांघरूण आहे, हे आपण विसरलो.

निघताना मी म्हाताऱ्याला लोकरीचा भाव विचारला. त्यावर तो हसला. लोकर कुणी घेत नाही, म्हणाला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त होते. कातरली नाही तर मेंढरांना उन्हाळा सोसत नाही, म्हणून कातरायची आणि बांधावर टाकून द्यायची. त्याच्या पोरांनी आता माडग्याळी मेंढरे घेतली आहेत. ती मांसाला भारी आणि अंगावर लोकर नाममात्र. वस्तीतला शेवटचा माग बंद पडला त्याला पुष्कळ वर्षे झाली. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसाची हकीगत सांगावी तसे त्याने सांगितले.

परतीच्या वाटेवर पसरणीचा घाट चढताना माझ्या मनात तोच काटा पुन्हा हलू लागला. एका पारड्यात ग्रॅमला बारा रुपये देऊन घेतलेली ऊब आणि दुसऱ्या पारड्यात बांधावर फेकलेली ऊब. भाच्याला मी दोष देत नाही. उंच डोंगरावर, स्वतःच्या पाठीवर बिऱ्हाड वाहताना, दोन किलोंचे मोल काय असते ते वाहणाऱ्याने ठरवावे. पण पाचगणीच्या थंडीला, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक थंडीला, नऊशे प्रतीच्या पिसांची गरज नाही. येथे घर आहे, भिंत आहे, खाट आहे. येथे पांघरूण पाठीवर वाहायचे नसून अंगावर घ्यायचे आहे. जेथे वजनाला मोल नाही तेथे वजनासाठी मोल मोजणे, हाच काय तो वेडेपणा.

आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक पांघरुणाचा भार कुणीतरी वाहतोच. शालीचा भार चिरूने वाहिला, साहेबाच्या बिछान्याचा हमालाने. घोंगड्याचा भार ज्याचा त्याने वाहिला, म्हणून त्याची किंमत कमी दिसली. आपण वस्तू घेताना तिची किंमत विचारतो, वजन विचारतो. ते कुणाच्या खांद्यावर पडले हे विचारीत नाही. ते विचारू लागलो, तर माणदेशातला एखादा माग कदाचित पुन्हा खटखटू लागेल.

भाच्याचे पत्र, म्हणजे आजकालच्या रीतीने फोनवरचा मजकूर, परवाच आला. यंदा दिवाळीनंतर सह्याद्रीत चार दिवस हिंडायचे आहे. अवकाळी पावसाचा भरवसा नाही, तेव्हा आजोबांचे घोंगडे मिळेल का, असे त्याने विचारले आहे. वजनाविषयी एक अक्षर नाही. मी ते फडताळातून काढून उन्हात टाकले आहे.